दोन शिबिरे झाली, आता सेवा करायची आहे : साधनेची आणि शिकवण्याची वाट

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार साधकाने विचारले आहे : वय ३८. गोयंका गुरुजींच्या परंपरेतली विपश्यनेची दहा दिवसांची दोन शिबिरे झाली आहेत. घरी बैठक कधी लागते, कधी सुटते. गावच्या विहारातली तरुण मुले ‘आम्हाला विपश्यना शिकवा’ म्हणून मागे लागली आहेत. आता धम्मसेवा, म्हणजे शिबिरात साधकांसाठी राबण्याची सेवा, सुरू करायची आहे आणि पुढे सहायक आचार्य, म्हणजे शिबिरात साधकांना मार्गदर्शन करणारा, व्हावे अशी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी किती शिबिरे लागतात, किती वर्षे जातात आणि तयारी काय करावी?

शेवटच्या इच्छेपासूनच बोलू. सहायक आचार्यपदासाठी अर्ज नसतो, परीक्षा नसते, ‘इतकी शिबिरे झाली की मिळते’ असा हिशोबही नसतो. बोलावणे येते. ज्यांच्या देखरेखीखाली तुम्ही वर्षानुवर्षे बसलात आणि राबलात, ते आचार्य तुमची साधना, शील, घरातले वागणे आणि माणसांशी बोलण्याची रीत पाहून विचारतात. म्हणून पद मनात धरून सेवेला जाऊ नका. तशी सेवा करणारा लवकर ओळखू येतो : आचार्य समोर असले की त्याचा हात भरभर चालतो, आणि ते गेले की तो इतरांना कामे सांगू लागतो. त्याचे नुकसान पद न मिळण्याने होत नाही, सेवेतून जे मन घडायचे ते घडत नाही म्हणून होते.

परंपरा पाहिली तरी हेच दिसते. सया थेट जी (१८७३-१९४५) गृहस्थ होते, शेतकरी होते. लेडी सयाडो या भिक्खूंनी त्यांना शिकवायला सांगितले. सया थेट जींचे शिष्य सयाजी ऊ बा खिन (१८९९-१९७१) ब्रह्मदेशाच्या सरकारात महालेखापाल होते, आणि नोकरी सांभाळून शिकवत. सत्यनारायण गोयंका अर्धशिशीने बेजार होऊन १९५५ मध्ये त्यांच्याकडे पहिल्या शिबिराला बसले. शिकवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली ती १९६९ मध्ये, आणि त्याच वर्षी जुलैत त्यांनी मुंबईत भारतातले पहिले शिबिर घेतले. मधली चौदा वर्षे त्यांनी गुरूजवळ साधना केली आणि धंदाही सांभाळला. तुम्ही मनात चार वर्षे किंवा सहा वर्षे धरली असतील तर ती या मापाने मोजा.

आता खरे काम. तुमच्या प्रश्नातले ‘बैठक कधी लागते, कधी सुटते’ हे एकच वाक्य मला महत्त्वाचे वाटते. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, झोपताना पाच मिनिटे आणि जाग आल्यावर अंथरुणातच पाच मिनिटे, एवढे पक्के झाल्याशिवाय पुढची कुठलीही पायरी टिकत नाही. त्यात आठवड्यातून एकदा जुन्या (म्हणजे निदान एक शिबिर पूर्ण केलेल्या) साधकांबरोबर सामूहिक साधना आणि वर्षातून एक दहा दिवसांचे शिबिर मिळवा. इतके सलग दोन वर्षे चालले पाहिजे.

बैठक सुटते ती बहुतेक वेळा संध्याकाळची. जेवण झाल्यावर बसले की झोप येते, आणि जेवणाआधी बसायचे तर माणसे घरात येत-जात असतात. बागेवरून आल्यावर हातपाय धुऊन, चहा घेऊन, जेवणाआधीचाच तास धरा. घरच्यांना वेळ सांगून ठेवा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. शेतीपंपाची वीज रात्रपाळीने येते त्या आठवड्यात पहाटे चारचा हट्ट करू नका. पाणी देऊन झोपलात की उठल्यावरचा पहिला तास साधनेचा, मग तो आठचा असो. वेळ बदलली तरी चालते. ‘आज राहू दे, उद्या दोन तास बसू’ हे मात्र चालत नाही, कारण ते उद्याचे दोन तास कधी येत नाहीत.

तासाची मांडणी अशी ठेवा. मन सैरभैर असेल तर पहिली दहा-पंधरा मिनिटे आनापान : नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर जी लहानशी जागा आहे तिथे येणारा-जाणारा स्वाभाविक श्वास. मोजायचा नाही, लांबवायचा नाही, त्याला कुठला शब्द जोडायचा नाही. मन स्थिरावले की डोक्यापासून पायांपर्यंत आणि पायांपासून डोक्यापर्यंत संवेदना पाहत जायचे. शेवटची पाच-दहा मिनिटे मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचे भले व्हावे ही भावना. मात्र त्या वेळी अंगात तीव्र दुखणे किंवा मनात कुणाविषयी चीड असेल, तर मैत्रीचे शब्द ओढूनताणून म्हणू नका. ती चीड अंगावर जिथे जशी जाणवते ती समतेने पाहत राहा, थोडी निवळली की मैत्री करा.

गुडघे दुखतात ही तक्रार शेतकरी साधकांत पुष्कळ असते. एक साधी गोष्ट तपासा : मांडी घातल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर राहत असतील तर बैठक उंचीला कमी पडते आहे. घोंगडीची आणखी एक घडी घाला, ढुंगणाखाली साधारण चार ते सहा इंच उंची येऊ द्या, म्हणजे गुडघे खाली टेकतात आणि कंबर आपोआप सरळ होते. मांडीमागची शीर दाबली गेली की पायाला मुंग्या येतात, म्हणून उशीची कडा मांडीत रुतेल इतके मागे सरकून बसू नये. खरोखर सांध्याचा आजार असेल तर खुर्चीवर बसा, त्यात कमीपणा नाही. तासभर हात, पाय, डोळे न हलवण्याचे अधिष्ठान म्हणजे दुखणे सोसण्याची शर्यत नव्हे. दुखण्याकडे मन कसे झेपावते ते बघण्याची ती संधी आहे. सोसवेना झाले आणि आसन बदलले तर अपराधी वाटून घेऊ नका, पुढच्या वेळी पाच मिनिटे जास्त बसून पाहा. झोप येत असेल तर थोडा वेळ जरा जोरात श्वास घ्या. तेवढ्याने भागले नाही तर डोळ्यांवर पाणी मारा, चार पावले चाला आणि परत बसा.

दुसरे-तिसरे शिबिर झालेल्यांना एक वेगळाच घोटाळा भोवतो. शिबिरात कधीतरी अंगभर सूक्ष्म संवेदनांचा धाराप्रवाह मिळतो, आणि घरी आल्यावर माणूस तोच शोधत बसतो. तो मिळाला तर ‘आज साधना छान झाली’, नाही मिळाला तर ‘आज काही जमले नाही’. इथेच साधना उलटी फिरते, कारण सुखद संवेदनेची ओढ आणि दुखद संवेदनेचा तिटकारा हेच तर मोडायचे होते. दगडासारखी जड पाठ समतेने पाहिलेला तास, धाराप्रवाहात रमलेल्या तासापेक्षा जास्त मोलाचा. आपण पुढे चाललो की नाही हे संवेदनेवरून ठरवू नका. व्यापाऱ्याने दर पाडून सांगितल्यावर मनातली आग किती वेळ टिकते, पूर्वी दोन दिवस टिकायची ती आता दोन तासांत विझते का, हे बघा.

शील हा तुमच्यासाठी पुस्तकी विषय नाही. द्राक्षवाल्याला पहिल्याच, प्राणिहिंसा न करण्याच्या शीलापाशी थांबावे लागते : फवारणीचे काय? तुमच्या बऱ्याचशा फवारण्या दावण्या आणि भुरी या रोगांसाठी, म्हणजे बुरशीनाशकांच्या असतात. तिथे प्राणिहिंसेचा प्रश्न त्या अर्थाने येत नाही. फुलकिडे, पिठ्या ढेकूण यांच्यासाठी मारता ती औषधे मात्र जीव घेणारी आहेत, आणि हे गोड शब्दांत झाकू नये. माझे मत असे की दिनदर्शिका पाहून मारायच्या ठरावीक फवारण्या बंद कराव्यात, कीड प्रत्यक्ष मोजून गरज पडली तरच औषध घ्यावे, आणि मारताना मनात चीड वा मजा नसावी. ओझे पूर्ण उतरत नाही, पण कमी होते. नशेच्या बाबतीत मात्र सूट नाही. ‘कार्यक्रमात एखादा घोट’ हाही मोडलेला पाचवा नियमच, आणि दीर्घ शिबिराच्या अर्जावर तो लिहावा लागतो.

पुढची शिबिरे ठरलेल्या क्रमाने येतात. आधी तिसरे दहा दिवसांचे शिबिर करा, म्हणजे सतिपट्ठान शिबिराची (बुद्धांच्या सतिपट्ठान सुत्तावर आधारलेल्या, जुन्या साधकांसाठीच्या शिबिराची) वाट खुली होते. त्याला दहा दिवसांची किमान तीन शिबिरे आणि घरची नियमित साधना लागते. २० दिवसांच्या शिबिरासाठी दहा दिवसांची पाच, एक सतिपट्ठान, निदान एका शिबिरातली सेवा आणि दोन वर्षांची सलग रोजची साधना हवी. त्यापुढे ३० दिवसांची आणि, धम्मसेवेत खोल गुंतलेल्यांसाठी, ४५ दिवसांची शिबिरे असतात. या अटी म्हणजे अडथळा नव्हे. २० दिवसांत मनाच्या तळाचे पुष्कळ वर येते, आणि ज्याची रोजची बैठक पक्की नाही त्याला ते झेपत नाही.

आता हे तुमच्या बागेत बसवू. जानेवारी ते मार्च माल तोडणीचा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग विरळणी, सबकेनची (उपकाड्यांची) धावपळ. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, आणि त्यानंतरचे दोन महिने दावण्याच्या भीतीने बाग सोडता येत नाही. उरतात जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट. काडी पक्व होत असते आणि राखण भावाकडे किंवा विश्वासू गड्याकडे देता येते. हाच वर्षावासाचा काळ, आषाढ पौर्णिमेपासून पुढचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी थांबून साधना करायचा. कराडजवळच्या आगाशिव डोंगरात कोरलेल्या बौद्ध लेण्यांच्या लहान लहान खोल्या पाहिल्यात तर या परिसरात दोन हजार वर्षांपूर्वी पावसाळा कसा घालवला जाई ते डोळ्यांपुढे येते. एका वर्षी ऑगस्टमध्ये बसा, पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सेवा करा. तुमच्या जवळचे केंद्र हातकणंगल्याजवळ आळते इथले धम्मालय. मिरजेहून कोल्हापूरच्या गाडीने हातकणंगल्याला उतरता येते. ऊसवाल्यांचे गणित वेगळे : गळीत हंगाम संपल्यावरचा उन्हाळा त्यांना सोयीचा.

सेवेबद्दल जास्त लिहितो, कारण शिकवणाऱ्याची खरी शाळा तीच. एक शिबिर पूर्ण केलेला आणि दुसरी कुठली साधनापद्धती न करणारा साधक सेवेला पात्र असतो, तेव्हा तुम्ही आजच पात्र आहात. पहिली सेवा तुकड्यातुकड्यांत नको, आरंभीच्या संध्याकाळपासून अकराव्या दिवसाच्या आवराआवरीपर्यंत पूर्ण करा. धम्मसेवकाला साधकांसारखे आर्य मौन, म्हणजे पूर्ण मौन, नसते, पण कामापुरतेच आणि हळू बोलायचे. पंचशील काटेकोर. पुरुष आणि स्त्रियांचे विभाग वेगळे, सेवकांनाही ते लागू. आणि सकाळी ८ ते ९, दुपारी २.३० ते ३.३०, संध्याकाळी ६ ते ७ या तिन्ही सामूहिक बैठका सेवकानेही करायच्या, शिवाय रात्री ९ नंतर आचार्यांसोबत थोडा वेळ मैत्री.

याच तीन तासांत सेवा बिघडते. ‘तुम्ही बसा, मी तेवढी भाजी चिरून येतो’ असे पहिल्या दिवशी कुणी म्हणतो. चौथ्या दिवसापर्यंत स्वयंपाकघरात कुरबुर सुरू होते, आणि सहाव्या दिवशी मिठावरून दोन चांगली माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. कारण उघड आहे : दिवसभर उभे राहून काम, झोप कमी, आणि मन धुण्याचा वेळ बंद. म्हणून काम घड्याळाला बांधा. नाश्ता ६.३० ला सुरू, ७.४५ पर्यंत पातेली धुऊन स्वयंपाकघर बंद. आमटीची डाळ बैठकीआधी धुऊन भिजत ठेवा. ९ ला परत आल्यावर एक गट भाजीला, एक कणकेला. १०.४५ ला आमटीला फोडणी पडलेली असली की ११ च्या घंटेला ताटे तयार. दुपारची भांडी १ पर्यंत उरकली तर २.३० आधी तासभर पाठ टेकता येते, आणि ती टेकावीच.

साठ साधकांच्या शिबिराचा दुपारच्या जेवणाचा साधारण अंदाज : तांदूळ ५ किलो, तूरडाळ अडीच ते तीन किलो, कणीक ६ ते ७ किलो, भाजी चिरलेली ८ ते ९ किलो. नाश्त्याला पोहे चार किलो. पहिल्या दोन दिवसांत लोक घरच्या सवयीने जेवतात, तिसऱ्या दिवसापासून खाणे कमी होते. त्या दिवसापासून अंदाज पाचव्या हिश्श्याने कमी करा, नाहीतर अन्न फुकट जाते. आपल्याकडचा झणझणीतपणा इथे चालत नाही. दिवसाचे दहा-अकरा तास बसणाऱ्याला तिखट आणि तेलकट पोटात जळते, उसळीने गॅस होतो आणि पुढची बैठक त्याच्याशी झगडण्यात जाते. हिरवी मिरचीची चटणी वेगळी ठेवा, आमटी सौम्य. संध्याकाळी ५ ला नव्या साधकांना चहा, कुरमुरे, फळ. जुन्यांना फक्त लिंबूपाणी, कारण ते अष्टशील पाळतात आणि दुपारनंतर खात नाहीत. लिंबूपाणी गाळून द्या. आणि दया येऊन एखाद्या जुन्या साधकाच्या हातात केळे ठेवू नका.

काही सेवांनंतर तुम्हाला शिबिर व्यवस्थापकाचे काम मिळेल. साधकांशी बोलण्याची मुभा सेवकांमध्ये त्यालाच असते, म्हणून चुकांची जागाही तिथेच. पहाटे चारची घंटा, खोल्यांच्या रांगेतून हातघंटी, न उठलेल्याच्या दारावर टकटक. अंगाला हात लावून कुणाला उठवायचे नाही. कुणाला पाठीला टेका हवा, कुणाचे औषध संपले, कुणाला आचार्यांची वेळ हवी, हे वहीत लिहून दुपारी १२ आधी आचार्यांकडे द्यायचे. साधनेविषयी विचारले तर उत्तर एकच : ‘हे आचार्यांना विचारा, मी वेळ घेऊन देतो.’ ‘माझ्याही बाबतीत असेच झाले होते’ एवढे वाक्यसुद्धा नको. ऐकणारा मग स्वतःचे पाहणे सोडून तुमच्या अनुभवासारखे काही येते का ते शोधू लागतो. दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी ‘मला घरी जायचंय’ म्हणणारे निघतात. त्यांच्याशी वाद घालू नका, समजावणीचे भाषण नको. पाणी द्या, बसवा, आचार्यांकडे न्या.

इथेच एक गंभीर गोष्ट. अर्जात मानसिक आजार, फिट्स, मधुमेहाचे इन्सुलिन, चालू औषधे यांचे रकाने असतात ते नावापुरते नसतात. काहीजण ‘विपश्यनेने सगळं बरं होतं’ असे ऐकून आजार लपवतात, शिबिरात गोळ्या बंद करतात, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी त्रास होतो. विपश्यना औषधाला पर्याय नाही. तुम्ही कुणाला शिबिराला पाठवत असाल तर तोंडाने हे स्पष्ट सांगा : सगळे खरे लिही, गोळी चालू ठेव, नकार आला तर राग धरू नकोस.

मग विहारातल्या मुलांचे काय? त्यांना विपश्यना शिकवू नका. हे कडक वाटेल, पण शिबिराचे दहा दिवस, मौन, शील आणि जाणकार आचार्य यांच्याविना शरीरावरचा प्रवास अर्धवट कळतो, आणि पुढे तीच समज पक्की होते. मात्र हात बांधून बसायचीही गरज नाही. गुरुजींच्या आवाजातले दहा मिनिटांचे आनापान सर्वांसाठी खुले आहे. रविवारच्या वंदनेनंतर ते लावा, तुम्हीही त्यांच्यासारखेच खाली बसा, समोर तोंड करून नव्हे. प्रश्न आले तर ‘शिबिर करून बघा’ एवढेच सांगा. महाराष्ट्रातल्या शाळांत मित्र उपक्रमाखाली आनापान चालते, तेव्हा मुलांपैकी कुणी शिक्षक असेल तर त्याला तिथेही वाव आहे. तालुक्यातले पाच-सात जुने साधक जमले तर त्याच विहारात वेगळ्या वेळी, समजा सकाळी ७ ते ८, सामूहिक साधना सुरू करा. त्या तासात वंदना, सूचना, वर्गणी, राजकारण काही आणू नका. वर्षावासातले ग्रंथवाचन आपल्या जागी चांगलेच आहे, दोन्ही एकत्र मिसळले की दोन्ही पातळ होतात.

मुलांना शिकवण्याची तळमळ खरी असेल तर बाल शिबिर शिक्षक ही वेगळी, तितकीच मोलाची वाट आहे. तिच्यासाठी प्रशिक्षण असते, आणि आठ वर्षांपुढच्या मुलांची एक दिवसाची आनापान शिबिरे सांगली-साताऱ्याच्या गावोगावी घेता येतात. मुले थट्टा करतात, झोपतात, खिडकीबाहेर बघतात. न रागावता त्यांना परत श्वासावर आणणे ज्याला जमते, त्याला मोठ्यांसमोर बसणे फारसे जड जात नाही.

आणि सहायक आचार्य प्रत्यक्षात काय करतात हेही माहीत असू द्या. सूचना आणि प्रवचने गुरुजींच्या ध्वनिमुद्रणातली असतात, आचार्यांना भाषण करायचे नसते. ते साधकांना लहान गटांत पुढे बोलावतात, ‘श्वास कळतो का? संवेदना कुठे कुठे मिळतात?’ असे थोडके विचारतात, त्यांच्यासोबत दोन मिनिटे बसतात. दुपारी १२ ते १ एकेकाला भेटतात, रात्री ९ ला सभागृहातल्या प्रश्नांना उत्तरे देतात. बाकी वेळ स्वतः बसलेले असतात. मानधन नाही. शिबिराला शुल्क नाही, दान फक्त शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच घेतले जाते, आणि त्यातला रुपयाही आचार्यांच्या खिशात जात नाही. वर्षातले कितीतरी आठवडे घर सोडून, स्वतःच्या मिळकतीवर जगून हे करायचे असते. म्हणून उपजीविका भक्कम हवी आणि घरच्यांची मनापासून संमती हवी. आईची दुखणी, मुलांची परीक्षा, बायकोवर पडणारे बागेचे काम यांकडे पाठ फिरवून केलेल्या सेवेचा राग घरात साठतो आणि शेवटी धम्मावर निघतो.

यंदाच्या ऑगस्टमधले तिसरे शिबिर धरा. अर्ज आत्ताच भरा, जागा लवकर भरतात. ते झाल्यावर पत्नीला पहिल्या शिबिराला जायचे असेल तर तेवढे दिवस बाग आणि घर तुम्ही सांभाळा. तुमची पहिली धम्मसेवा तीच समजा. स्वयंपाकघरातली सेवा पुढच्या वर्षी.